पहिलं वर्ष, कच्चा खर्डा

ऑगस्टच्या शेवटी अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं उघडतात. कोणी इंजिनिअरिंगला आलेलं असतं, कोणी संगीत शिकायला, कोणाचं अजून काहीच ठरलेलं नसतं. पण यातल्या बहुतेकांच्या वेळापत्रकात एक विषय सारखाच असतो. कुठे त्याला 'इंग्लिश १०१' म्हणतात, कुठे 'फर्स्ट-इयर रायटिंग', कुठे नुसतंच 'कॉम्पोझिशन'. त्यात शेक्सपिअर फारसा भेटत नाही आणि व्याकरणाची घोकंपट्टीही नसते. वाचायचं, वाचलेल्यातून स्वतःचा मुद्दा शोधायचा, तो पुराव्यानिशी मांडायचा आणि मांडलेलं पुन्हा लिहायचं, असं त्याचं स्वरूप.

पहिल्या तासाला शिक्षक सिलॅबस हातात देतात. धड्यांचं वेळापत्रक त्यात थोडक्यात आटोपतं. बाकीची पानं नियमांची असतात: किती गैरहजेऱ्या चालतील, उशीर झाला तर किती गुण कापले जातील, खर्डे किती लिहायचे, दुसऱ्याचं लिखाण कसं वापरायचं, चॅटजीपीटीला हात लावायचा की नाही. वरवर पाहता हे सगळं होस्टेलच्या भिंतीवरच्या सूचनांसारखं कोरडं वाटतं. पण यातले बरेचसे नियम कुठल्या ना कुठल्या वादातून आलेले आहेत आणि त्या वादांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. विद्यार्थ्याला लिहिता येतं की नाही हे तपासायचं, की त्याला लिहायला शिकवायचं?

सुरुवात तपासण्यापासून झाली. १८६९मध्ये चार्ल्स एलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले. ग्रीक-लॅटिनच्या जुन्या अभ्यासक्रमाला धक्का देणाऱ्या एलियटना मातृभाषेतलं लेखन महत्त्वाचं वाटत होतं. त्यांनी १८७२मध्ये अॅडम्स शेरमन हिल यांना बोलावून घेतलं. हिल हे न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये काम केलेले पत्रकार. १८७४पासून हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजीतला एक छोटा निबंध सक्तीचा झाला. विषय ठरावीक पुस्तकांतून यायचा. पहिल्या वर्षीच्या यादीत 'द टेम्पेस्ट', 'ज्युलिअस सीझर', 'मर्चंट ऑफ व्हेनिस', गोल्डस्मिथची 'व्हिकार ऑफ वेकफिल्ड' आणि स्कॉटची 'आयव्हॅन्हो' होती. शुद्धलेखन, विरामचिन्हं, व्याकरण आणि मांडणी या चारही गोष्टी बिनचूक हव्यात, अशी अट होती. (त्याच वर्षी पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली, हा निव्वळ योगायोग, पण निबंध या प्रकारावर दोन्हीकडे किती भिस्त होती ते त्यातून कळतं.)

निकाल पाहून परीक्षक हबकले. उत्तम शाळांतून आलेली, सुखवस्तू घरांतली मुलं मोठ्या संख्येनं नापास होत होती. त्यावर उपाय म्हणून 'इंग्लिश ए' नावाचा वर्ग निघाला आणि १८८५मध्ये तो पहिल्या वर्षाला सक्तीचा झाला. शाळांनी आपलं काम नीट केलं की हा वर्ग बंद करता येईल, अशी तेव्हाची समजूत होती. तसं झालं नाही. उलट देशभरातल्या कॉलेजांनी तोच कित्ता गिरवला.

या पद्धतीची किंमत शिक्षकांनी मोजली. हार्वर्डचेच बॅरेट वेंडेल विद्यार्थ्यांकडून रोज एक छोटा मजकूर लिहून घेत आणि शिवाय पंधरवड्याला एक मोठा निबंध. १८९२च्या सुमारास त्यांच्याकडे सुमारे १७० विद्यार्थी होते. वर्षाला चोवीस हजारांहून जास्त कागद त्यांच्या नजरेखालून जात. एवढ्या ढिगाऱ्यापुढे बसलेला माणूस मुद्द्याशी वाद घालत बसू शकत नाही. तो चुका शोधतो, समासात खुणा करतो आणि पुढचा कागद ओढतो. लाल शाईचा दबदबा कोणाच्या दुष्टपणातून आलेला नाही, तो या गणितातून आला. आणि एकदा चुका मोजायची सवय लागली, की कमीत कमी चुका म्हणजेच चांगलं लेखन असं विद्यार्थ्यालाही वाटू लागतं. मग तो छोटी, सुरक्षित, निर्जीव वाक्यं लिहितो.

हे चित्र बदलायला न्यूयॉर्क शहर कारणीभूत ठरलं. १९६९च्या वसंतात हार्लेममधल्या सिटी कॉलेजमध्ये कृष्णवर्णीय आणि पोर्टो रिकन विद्यार्थ्यांनी आवार ताब्यात घेतलं. शहरातल्या सार्वजनिक विद्यापीठात शहरातल्याच मुलांना जागा का नाही, हा त्यांचा सवाल होता. विद्यापीठानं पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्यानं करायचं ठरवलेलं काम घाईनं पुढे ओढलं आणि १९७०पासून शहरातली माध्यमिक शाळा पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला सिटी युनिव्हर्सिटीत प्रवेशाची हमी दिली. शिक्षण तेव्हा मोफत होतं. शुल्क आलं ते १९७६मध्ये. हजारो मुलं आली. त्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्यांचे पहिले निबंध वाचून अनेक प्राध्यापकांनी हात टेकले. ही मुलं शिकण्याच्या पलीकडची आहेत, असं उघड बोललं जाऊ लागलं.

मिना शॉनेसी यांनी हात टेकले नाहीत. सिटी कॉलेजच्या लेखनवर्गांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यांनी लिहिलेले सुमारे चार हजार निबंध त्यांनी काळजीपूर्वक वाचले आणि त्यातून १९७७मध्ये 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हे पुस्तक उभं केलं. त्यांचं म्हणणं साधं आणि दूरगामी होतं. चूक आंधळी नसते, तिच्यामागे विचार असतो. तो विचार शिक्षकानं आधी समजून घ्यायला हवा. पुढच्याच वर्षी त्या कर्करोगानं गेल्या, पण त्यांनी घातलेला पायंडा टिकला.

चुकीमागे विचार असतो हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही इंग्रजीच्या शिक्षकाला चटकन पटेल. मराठी माध्यमातून आलेली मुलगी 'ही डिड नॉट वेंट' असं लिहिते. लाल पेननं वर्तुळ काढलं की काम संपलं असं वाटतं. पण तिनं काय केलंय ते बघा. गोष्ट भूतकाळातली आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे, भूतकाळ क्रियापदावर दाखवायचा असतो हेही ठाऊक आहे, म्हणून तिनं तो दोन्ही क्रियापदांवर दाखवला. मराठीत 'तो गेला नाही' म्हणताना 'गेला' भूतकाळातच राहतो, तोही हिशेब तिच्या डोक्यात असणार. तिचा नियम चुकीचा आहे, पण तिच्याकडे नियम आहे. अशा मुलीला एका वाक्यात सांगता येतं की इंग्रजीत काळाचा भार एकाच क्रियापदावर जातो. नुसत्या वर्तुळानं तिला फक्त भीती मिळते.

सत्तरच्या दशकात इतर दिशांनीही वारं वाहत होतं. पत्रकारितेतून आलेले डोनाल्ड मरे यांनी १९७२मध्ये लेखन ही तयार वस्तू म्हणून न शिकवता प्रक्रिया म्हणून शिकवा, असा आग्रह धरला. १९७३मध्ये पीटर एल्बो यांचं 'रायटिंग विदाउट टीचर्स' आलं; आधी न थांबता, चुकांची पर्वा न करता लिहा, निवड नंतर करा, असं ते सांगत होते. १९७४मध्ये कॉलेजातल्या लेखनशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेनं विद्यार्थ्याला स्वतःच्या बोलीचा हक्क असल्याचा ठराव केला. त्यावरून वर्षानुवर्षं वाद झाले.

आजच्या सिलॅबसमधला खर्ड्यांचा नियम या सगळ्यातून आला. सत्रात साधारण तीन-चार निबंध असतात आणि प्रत्येकाचे किमान दोन खर्डे. पहिल्या खर्ड्याला बहुधा गुण नसतात. तो दिलाच नाही तर मात्र गुण जातात. दोन खर्ड्यांच्या मधे काय घडतं, यावर या वर्गाचं सगळं यश अवलंबून असतं, म्हणून तिथे जरा थांबायला हवं.

समजा, एका विद्यार्थ्यानं 'मोबाइल: शाप की वरदान' छापाचा निबंध लिहून आणलाय. आपल्या शाळांतून तयार झालेला हात असा निबंध झोपेतही लिहील. एक परिच्छेद फायद्यांचा, एक तोट्यांचा, शेवटी 'योग्य वापर केला तर वरदानच'. या वर्गात शिक्षक पहिला प्रश्न विचारतात, याच्याशी असहमत कोण होईल? कोणीच नाही. मग यात मुद्दाच नाही. दुसऱ्या फेरीत तो लिहितो, 'शाळांनी मोबाइलवर बंदी घालावी.' आता कोणीतरी वाद घालेल, पण विधान अजून ढोबळ आहे. कुठल्या वयाची मुलं? मधल्या सुट्टीतही? घरून निरोप यायचा असेल तर? तिसऱ्या फेरीत वाक्य असं होतं: 'मधल्या सुट्टीतली मोबाइलबंदी एकाग्रतेसाठी नव्हे, तर मुलांनी एकमेकांशी बोलावं म्हणून हवी, आणि ती मुलांनीच ठरवली तरच टिकेल.' आता सिद्ध करायला काहीतरी आहे, पुरावा कुठे शोधायचा ते दिसतंय आणि विरोधी बाजू कोण मांडेल तेही कळतंय. जुन्या निबंधातला बहुतेक मजकूर फेकावा लागणार. पुनर्लेखन म्हणजे हे. शब्दांच्या वेलांट्या दुरुस्त करणं हे अगदी शेवटचं काम.

मधल्या टप्प्यावर वर्गमित्रही एकमेकांचे खर्डे वाचतात. त्यालाही शिस्त असते. स्पेलिंगला हात लावायचा नाही, 'छान लिहिलंय' म्हणायचं नाही. तुला लेखकाचा मुद्दा काय वाटला ते एका वाक्यात लिही, कुठे अडखळलास त्या ओळीवर खूण कर, कुठे आणखी वाचायला आवडलं असतं ते सांग. आपल्याला जे म्हणायचं होतं ते समोरच्याच्या वाक्यात उतरलेलंच नाही, हे पाहिल्यावर विद्यार्थी जितकं शिकतो तितकं शिक्षकाच्या शेऱ्यातून क्वचितच शिकतो. गैरहजेरीचा नियम कडक असतो तो यासाठीच. आठवड्यातून दोनदा भरणाऱ्या वर्गात तीन-चार दांड्या झाल्या की श्रेणी घसरू लागते, कारण खर्डा वाचायला समोर माणूसच नसेल तर वर्ग चालणार कसा?

घरी करायच्या कामाचाही हिशेब असतो. एका क्रेडिटमागे आठवड्याला वर्गातला एक तास आणि बाहेरचे किमान दोन, हे अमेरिकेतलं रूढ माप. विषय बहुधा तीन क्रेडिटचा, म्हणजे आठवड्याचे नऊ तास. आपल्याकडून गेलेल्या मुलांना पहिला फटका इथे बसतो. २०२३-२४मध्ये अमेरिकेत भारतातले ३ लाख ३१ हजारांहून अधिक विद्यार्थी होते. त्यांतले फार मोठ्या संख्येनं पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेले, पण पदवीसाठी गेलेलेही ३६ हजारांच्या आसपास. बारावीपर्यंत गणित-विज्ञानात पुढे असलेली ही मुलं लेखनाचा विषय शेवटच्या रात्री उरकता येईल असं धरून चालतात.

दुसरी अडचण संकोचाची. शिक्षक आठवड्यातले काही तास आपल्या खोलीत विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवतात. त्या वेळी जाऊन 'मला हा परिच्छेद जमत नाही' असं म्हणणं तिथे अपेक्षितच असतं. सरांना कशाला त्रास द्यायचा, अशा विचारात वाढलेलं मूल दाराबाहेरून परत फिरतं. त्या भेटीतली वीस मिनिटं फार मोलाची असतात आणि ती फीमध्ये धरलेली असतात, हे त्याला कोणीतरी आधीच सांगायला हवं. पालकांसाठीही एक नियम आहे. १९७४च्या कायद्यानुसार कॉलेजातल्या विद्यार्थ्याची शैक्षणिक नोंद त्याची स्वतःची असते. ठाण्याहून किंवा सांगलीहून आईनं ईमेल करून 'आमच्या मुलाचं कसं चाललंय?' असं विचारलं, तर शिक्षक मुलाच्या संमतीशिवाय सहसा काही सांगत नाहीत. आईला हे तुटक वाटणं स्वाभाविक आहे. पण अठरा वर्षांच्या माणसाशी थेट बोलायचं, ही त्यामागची भूमिका आहे.

कागदाच्या मांडणीचे नियम लगेच पाठ होतात: चारही बाजूंना एक इंच समास, ओळींमध्ये दुप्पट अंतर, वरच्या उजव्या कोपऱ्यात आडनाव आणि पान क्रमांक. संदर्भ देण्याची पद्धत मात्र विचारपूर्वक शिकावी लागते. कुठलं वाक्य माझं आणि कुठलं दुसऱ्याचं, याची सीमारेषा वाचकाला प्रत्येक ठिकाणी दिसली पाहिजे. वाङ्मयचौर्याचा परिच्छेद सिलॅबसमध्ये सगळ्यात कठोर भाषेत असतो, शिक्षा नापास होण्यापासून काढून टाकण्यापर्यंत. पण इथेही विचार बदलला आहे. रिबेका मूर हॉवर्ड यांनी नव्वदच्या दशकात दाखवलं, की मूळ लेखकाची वाक्यरचना तशीच ठेवून थोडेसे शब्द बदलणारा विद्यार्थी बऱ्याचदा चोर नसतो; कठीण मजकूर समजून घेण्याच्या धडपडीत तो त्या वाक्यांना धरून चालत असतो. २००३मध्ये लेखन कार्यक्रमांच्या संचालकांच्या संघटनेनंही जाणूनबुजून केलेली चोरी आणि संदर्भ नीट न देता येणं या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत साम्याच्या टक्केवारीवर पायऱ्या ठरल्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, साठच्या वर गेलं तर प्रबंध सादर करणाऱ्याची नोंदणी रद्द. टक्केवारी मोजायला सोपी असते. विद्यार्थी ते वाक्य उचलायला का गेला, हे मात्र तिच्यातून कळत नाही.

३० नोव्हेंबर २०२२ला चॅटजीपीटी आलं आणि सगळ्या सिलॅबसमध्ये एक नवा परिच्छेद घालावा लागला. कोणी पूर्ण बंदी घातली, कोणी विचारमंथनापुरती परवानगी दिली, कोणी वापरा पण कबूल करा म्हटलं. एकाच कॉलेजातल्या दोन वर्गांत दोन नियम असू शकतात. निबंध यंत्रानं लिहिलाय का ते सांगणाऱ्या ओळखयंत्रांवर भरवसा ठेवणं महागात पडलं. ओपनएआयनं जानेवारी २०२३मध्ये स्वतःचं ओळखयंत्र आणलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैत मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा सात यंत्रांना इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेलसाठी लिहिलेले ९१ निबंध वाचायला दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्रानं लिहिलेले ठरवले गेले. साधे शब्द, साधी वाक्यं म्हणजे यंत्र, असा तो कौल. परक्या भाषेत जपून लिहिणाऱ्या मुलावर याहून मोठा अन्याय नाही. व्हँडरबिल्ट विद्यापीठानं ऑगस्ट २०२३मध्ये हिशेबच मांडला. वर्षाला ७५ हजार निबंध तपासले जातात. चूक फक्त एक टक्का धरली तरी ७५० निबंधांवर खोटा ठपका येईल. त्यांनी ओळखयंत्राची सोय बंद केली. ज्या वर्गांत खर्डे, टिपणं आणि भेटी आधीपासून होत्या, तिथे शिक्षकाला निबंध कसा वाढत गेला ते माहीत होतं. तिथे यंत्राचा कौल मागायची वेळ कमी आली.

गुण कसे द्यायचे, यावर मात्र अजून एकमत नाही. जेन डॅनिएलविच आणि पीटर एल्बो यांनी २००९मध्ये कराराची पद्धत मांडली: सगळे खर्डे वेळेवर, हजेरी, मित्रांच्या खर्ड्यांवर मनापासून प्रतिक्रिया, ही कामं पूर्ण करणाऱ्याला 'बी' श्रेणीची हमी, त्याच्या वर मात्र लेखनाचा दर्जा पाहून. असाओ इनोउए यांनी आणखी पुढे जाऊन श्रेणी पूर्णपणे श्रमांवर ठेवली, कारण 'दर्जा' मोजताना गोऱ्या मध्यमवर्गाच्या इंग्रजीचीच फूटपट्टी वापरली जाते असं त्यांचं म्हणणं. त्यावर एलन कॅरिलो यांनी २०२१मध्ये नेमका आक्षेप घेतला: नोकरी करून शिकणाऱ्या किंवा अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याकडे वेळ तरी सारखा कुठे असतो? हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

या सगळ्या नियमांचा डोलारा वर्गातल्या विद्यार्थिसंख्येवर उभा असतो. लेखनशिक्षकांच्या संघटनेची शिफारस एका वर्गात जास्तीत जास्त वीस आणि शक्य तर पंधरा विद्यार्थी अशी आहे. एका शिक्षकाकडे एका सत्रात साठाहून जास्त नकोत. साठ खर्डे, प्रत्येकी वीस मिनिटं म्हणजे एका फेरीचे वीस तास. प्रत्यक्षात हे वर्ग मोठ्या प्रमाणात हंगामी शिक्षक आणि पीएचडी करणारे विद्यार्थी चालवतात. अनेक हंगामी शिक्षक दोन-तीन कॉलेजांत मिळून शंभरांवर विद्यार्थी सांभाळतात. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकांना ही स्थिती वेगळी समजावून सांगायला नको.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या पदवी अभ्यासक्रमांतही भाषा-क्षमतेचे विषय आले आहेत, बहुधा दोन-दोन क्रेडिटचे. वर्गात साठ-ऐंशी मुलं, शेवटी लेखी परीक्षा. एवढ्या मुलांचे चार-चार खर्डे वाचणं कोणालाच शक्य नाही. पण सत्रात एकच निबंध, तीनशे शब्दांचा, दोनदा लिहून घ्यायचा. पहिला खर्डा शेजारच्यानं वाचायचा आणि त्यातला मुद्दा एका ओळीत लिहायचा. शिक्षकानं पहिला शेजारी ठेवून फक्त दुसरा नीट वाचायचा आणि दोन खर्ड्यांत काय बदललं यालाच गुण द्यायचे. ऐंशी निबंध, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे तेरा तास वीस मिनिटं. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण विद्यापीठांनी कॉलेजांच्याच हाती दिलेले आहेत, त्यात हे बसवता येतं. मराठीतून लिहून घेतलं तरी चालेल, किंबहुना सुरुवात तिथूनच करावी. मुद्दा शोधायची सवय एका भाषेत लागली की दुसऱ्या भाषेत नेता येते.